पाट बुजवून पाइप येतोय. व्हॉल्व्हची चावी कुणाच्या हातात?

धुळे-जळगावच्या शिवारात सध्या एकच परवलीचा शब्द आहे : बंद पाइप. उघडे पाट, चाऱ्या, पोटचाऱ्या यांचे दिवस भरले. आता पाणी जमिनीखालून येणार, बांधावर व्हॉल्व्ह बसणार, मोजून पाणी मिळणार. पुढाऱ्यांच्या भाषणात पाइप आहे, निविदेत पाइप आहे, शेतकरी संघटनांच्या निवेदनात पाइप आहे. आपल्या चळवळीच्या निवेदनात मात्र तो नाही. आरक्षण, शिष्यवृत्ती, अॅट्रॉसिटी, स्मारक या प्रश्नांवर आपण रस्त्यावर येतो आणि यायलाच हवं. पण तालुक्यात शेकडो कोटींची पाण्याची योजना येते तेव्हा आपले कार्यकर्ते म्हणतात, "आपल्याकडे जमीनच कुठे आहे? तो शेतकऱ्यांचा विषय आहे."

आमचा हा लेख त्या एका वाक्याच्या विरोधात आहे. पाणी हा फक्त जमीनवाल्यांचा विषय आहे, हे आपल्याला कुणी शिकवलं? गावगाड्याने शिकवलं. आणि तेच आपण आज स्वतःच्या तोंडाने बोलतो आहोत.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच स्पष्ट मांडतो. पाइपलाइनला आमचा विरोध नाही. पण आजच्या सातबाऱ्यावर बेतलेली पाइपलाइन म्हणजे आजची विषमता पुढच्या पन्नास वर्षांसाठी जमिनीत गाडून पक्की करणं आहे. खंदक खोदायच्या आधी भूमिहीनांचा, गायरान कसणाऱ्यांचा, वनपट्टेवाल्यांचा आणि टेलच्या छोट्या शेतकऱ्यांचा पाण्यातला हिस्सा ठरला पाहिजे. नंतर बोलून उपयोग नाही. का नाही, ते पुढे सांगतो.

तोटी मागणारे पहिले जोतीराव होते

पाइप म्हणजे परक्या कंपन्यांचं फॅड, असं म्हणणारे काही मित्र आहेत. त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुन्हा उघडावा. १८८३ साली महात्मा फुल्यांनी त्यात इरिगेशन खात्याचा पंचनामा केला आहे. पाणीपट्टी वसूल करताना खातं तत्पर असतं, पण शेतकऱ्याला पाणी वेळेवर आणि पुरेसं मिळतं की नाही याची खात्यातल्या गोऱ्या इंजिनिअरांना आणि भट कामगारांना फिकीर नसते, हा त्यांचा आरोप. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय आजच्या अभियंत्यांनाही चकित करेल : प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या मानाने एकेक तोटी करून द्या, म्हणजे कुणालाच गरजेपेक्षा जास्त पाणी घेता येणार नाही. मोजून पाणी, ठरलेला हिस्सा, अधिकाऱ्याच्या मर्जीला चाप. बंद नलिका वितरणाचं सगळं तत्त्व या एका तोटीत आहे.

खानदेशच्या मातीलाही पाइप नवा नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळचा, पांझरेच्या पाटाचं पाणी पुढे नेणारा पाइपचा सायफन. आणि आज तर पीव्हीसी पाइप आणि ठिबकचे संच देशभर पाठवणारं शहर म्हणून जळगावची ओळख आहे.

तांत्रिक बाजूही मान्य करू. उघड्या चारीतलं पाणी वाटेत झिरपतं, उन्हाने उडतं, फुटक्या कडेने वाहून जातं. वरचा शेतकरी चारी फोडून पाणी वळवतो आणि टेलचा शेतकरी बारीची वाट बघत बसतो. पाइपमध्ये हे नुकसान खूप कमी होतं. पाइप गाडल्यावर वरून नांगर फिरवता येतो, त्यामुळे चाऱ्यांसाठी जमीन संपादित करावी लागत नाही. केंद्रीय जल आयोगाने २०१७ मध्ये बंद नलिका सिंचनाच्या आराखड्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. राज्याच्या जलसंपदा विभागाचाही कल गेल्या दशकभरात नव्या वितरिका बंद पाइपनेच करण्याकडे आहे. ही दिशा आता मागे फिरणार नाही, आणि फिरावी असं आम्हाला वाटतही नाही.

मग भांडण कशाचं? भांडण तोटीचं नाही. तोटी कुणाच्या नावाने बसणार, याचं आहे.

फड पद्धतीचे गोडवे आणि त्यातली गाळलेली माणसं

पाइप आला की दुसऱ्या बाजूने एक उसासा ऐकू येतो. पुण्या-मुंबईचे पर्यावरणवादी आणि आपल्याकडचे काही जाणकार म्हणतात, "खानदेशची फड पद्धत गेली हो! केवढी लोकशाही होती ती!" हा मुद्दा नीट तपासू या, कारण त्यात अर्धं सत्य आहे.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर धुळे आणि नाशिक भागात तीन-चारशे वर्षं फड पद्धत चालली. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा कालवा, कालव्याच्या चाऱ्या, चारीतून शेतात जाणारे सारंग, जादा पाण्यासाठी सांडवा. खालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात एकाच हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. जास्त पाण्याचं पीक यंदा या फडात, तर पुढच्या वेळी त्या फडात. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचे फड कमी करायचे, म्हणजे तूटही सगळ्यांनी वाटून घ्यायची. पाटकरी पाण्याची पाळी बघणार, जागल्या रात्रंदिवस राखण करणार, त्यांचा मोबदला धान्यात. कारभार पंचांचा. सरकारी अधिकाऱ्याशिवाय पाण्याची तूट वाटून घेणारी ही व्यवस्था खरोखर थोर होती, आणि ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. विहिरी, मोटरपंप आणि नद्यांवर वरच्या अंगाला झालेली धरणं यांनी ती मोडत गेली.

पण समाजशास्त्राचा विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतो : "सगळ्यांनी" म्हणजे कुणी? फडातली समता ही फडात जमीन असलेल्यांची आपसातली समता होती. पंच जमीनवाल्या जातींचे. जागल्या कोण? खानदेशात जागल्याचं काम परंपरेने बहुतेक भिल्लांकडे, कुठे महारांकडे. म्हणजे ज्याने रात्री सापकिरड्यांत पाण्याची राखण केली त्याचा पाण्यावर हक्क नाही. हक्क फक्त खळ्यावरच्या धान्याच्या टोपलीवर, तोही देणाऱ्याच्या मर्जीने. हीच वतनदारीची गोम होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते याचसाठी. वतन हा मान नसून गुलामी आहे, हे त्यांनी आपल्याच लोकांना गावोगाव पटवून सांगितलं. कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं.

म्हणून फड पद्धतीबद्दल आमचं मत असं : तिच्याकडून तूट वाटून घ्यायला शिकू, पण तिला लोकशाही म्हणणार नाही. जिथे राखणदार सभासद नसतो, तिथे लोकशाही नसते.

कायद्यातला एक शब्द : जमीनधारक

"ते जुनं झालं, आता कायद्याचं राज्य आहे," असं कुणी म्हणेल. चला, कायदाच बघू.

महाराष्ट्रात २००५ साली पाण्याचे दोन मोठे कायदे झाले. एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा, दुसरा सिंचन पद्धतींचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा. पहिल्या कायद्याच्या कलम १२ (६) मध्ये समन्यायी पाणीवाटपाची भाषा आहे. लाभक्षेत्रातल्या प्रत्येक जमीनधारकाला कोटा मिळेल, कोटा लाभक्षेत्रातल्या जमिनीच्या आधारे ठरेल, आणि टंचाईच्या वर्षी शक्यतो प्रत्येक जमीनधारकाला निदान एक एकर भिजेल इतकं पाणी द्यावं. यातली शेवटची तरतूद चांगली आहे, छोट्या शेतकऱ्याने ती पाठ करून ठेवावी. पण सगळी इमारत उभी आहे ती 'जमीनधारक' या एका शब्दावर. दुसऱ्या कायद्याने आलेल्या पाणीवापर संस्थेचंही तेच. सभासद कोण, तर लाभक्षेत्रात जमीन असलेला. शेतात राबणारा सालदार, निंदणी-खुरपणी करणारी बाई, गायरान कसणारं कुटुंब यांना त्या बैठकीच्या सतरंजीवर जागा नाही.

आता धुळे जिल्ह्यातल्या एका योजनेच्या जाहीर आकड्यांवर हिशेब मांडू. सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजनेची पायाभरणी १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते धुळ्यात झाली. तापीचं पुराचं पाणी पावसाळ्याच्या १२४ दिवसांत उपसून जलवाहिन्यांनी धरणं-तलाव भरायचे, पाणी ९.२४ टीएमसी, सिंचन ३३,३६७ हेक्टर, सुमारे १०० गावं, १ लाख शेतकरी. ९.२४ टीएमसी म्हणजे सुमारे २६ कोटी घनमीटर. गळती-बाष्पीभवन बाजूला ठेवून ढोबळ भागाकार केला तर एकरी सुमारे ३,२०० घनमीटर येतं. म्हणजे लाभक्षेत्रात २० एकर असलेल्याच्या वाट्याला सुमारे ६३,५०० घनमीटर, एक एकरवाल्याला ३,२००, आणि भूमिहीनाला शून्य. नदी सार्वजनिक, पैसा सार्वजनिक, पंपाची वीज सार्वजनिक. वाटप मात्र खासगी मालमत्तेच्या मापाने!

त्याच दिवशी अक्कलपाड्याचा निम्न पांझरा मध्यम प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला : २१ गावं, ७,५८५ हेक्टर. या आकड्यांत हेक्टर आहेत, गावं आहेत, शेतकरी आहेत. भूमिहीन कुटुंबं किती, हा रकानाच नाही. जो मोजलाच जात नाही, त्याला पाणी मिळणार कुठून?

आणि भूमिहीन कोण आहेत, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या एकूण शेतजमिनीपैकी अनुसूचित जातींकडे ९ टक्क्यांपेक्षाही कमी जमीन आहे; लोकसंख्येत वाटा २०११ च्या जनगणनेनुसार १६.६ टक्के. सरकारी पाणी जमिनीच्या मापाने वाटणं म्हणजे जातीच्या मापाने वाटणं, हे या दोन आकड्यांवरून दिसतं. त्यासाठी कुणी जातिवाचक शब्द उच्चारायची गरज पडत नाही.

उघड्या चारीशी भांडता येतं, गाडलेल्या पाइपशी नाही

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. घाई का?

पाइपलाइनचा आराखडा असा होतो : लाभक्षेत्राचा नकाशा, त्यातले गट नंबर, गटांचे चक, प्रत्येक चकाला एक निर्गमद्वार, आणि त्या सगळ्यांना लागणाऱ्या पाण्यावरून पाइपचा व्यास आणि दाब. म्हणजे व्यास ठरतो तेव्हाच हिस्सा ठरतो. उद्या वस्तीच्या मागच्या गायरानासाठी आउटलेट मागितलं तर अभियंता सांगेल, "लाइनची क्षमता तेवढीच आहे." आणि तो खोटं बोलत नसेल. उघड्या चारीला नवं बारं काढता येतं, बारी बदलता येते, मोर्चा नेऊन पाणी सोडायला लावता येतं. गाडलेल्या पाइपशी वाटाघाट होत नाही. जे भांडण करायचं ते नकाशा कागदावर असतानाच करावं लागतं.

दुसरं, उघडा पाट मालकीने कुणाचाही असो, वापराने तो थोडाफार सगळ्यांचा होता. भिलाटीतल्या बायका त्यावर कपडे धुवायच्या, शेळ्या-गुरं पाणी प्यायची, काठावरचं गवत भूमिहीनाच्या म्हशीला मिळायचं, झिरप्याने खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी टिकायचं. यातलं काहीही हक्क म्हणून लिहिलेलं नव्हतं. म्हणूनच पाइप आल्यावर ते गेलं तरी त्याची नुकसानभरपाई कुणी मोजणार नाही. खातं ज्याला गळती म्हणतं, त्यातला काही भाग गरिबांचं पाणी होतं. पाणी वाचवायला आमची ना नाही. पण वाचलेलं पाणी जातं कुठे? हिशेब मागितला नाही तर ते वरच्या अंगाच्या केळी-उसाला जाईल आणि त्याचं नाव 'कार्यक्षमता' पडेल.

तिसरं, काम. खानदेशात आखाजीला सालदाराचं साल ठरतं. रात्रीच्या विजेवर केळीला पाणी भरायला जातो तो बहुतेक वेळा सालदारच. अंधारात साप, विंचू, बिबट्या यांच्या तोंडी जाणारं हे काम संपलं तर आम्हाला आनंदच आहे. माणसाने असं राबावं असं कुणाला वाटेल? पण पाइप, ठिबक आणि आपोआप उघडणारे व्हॉल्व्ह आले की मालकाला सालदारही कमी लागतो. मग सालदाराच्या पोराने काय करायचं? सुरतेची गाडी पकडायची? तंत्रज्ञानाने जोखमीचं काम घालवलं तर त्या तंत्रज्ञानाने वाढलेल्या उत्पन्नात त्या माणसाचा वाटा हवा. आणि तो वाटा मागण्याची सगळ्यात पक्की जागा म्हणजे पाणी.

चौथं, जमिनीचा भाव. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन. २०१८ मध्ये ती पूर्ण अनुदानावर आली आणि खरेदीची कमाल मर्यादा ठरली : जिरायतीला एकरी ५ लाख, बागायतीला ८ लाख. पाइप येणार ही बातमी फुटली की लाभक्षेत्रातल्या जमिनीचा भाव वर चढतो आणि ही मर्यादा तोकडी पडते. मग या योजनेतून आपल्या माणसाला मिळते ती माळावरची, पाणी न पोचणारी जमीन. तिथे विहीर घ्यायची तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेचं अनुदान आहे, पण विहिरीला पाणी लागायला जमिनीखाली पाणी हवं ना! म्हणून पाइपचा नकाशा आणि जमीन वाटपाची यादी ही दोन कागदं एकत्र वाचायला शिकलं पाहिजे. जिल्हा प्रशासन ती दोन वेगळ्या कार्यालयांत ठेवतं.

बाबासाहेबांचं पाणी महाडला संपत नाही

आपण २० मार्चला चवदार तळ्याची आठवण करतो. ती करताना तिच्यातला एक तपशील विसरतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचंही आधीच जाहीर केलं होतं. कागदावर हक्क होता, ओंजळीत पाणी नव्हतं. ते ओंजळीत यायला १९२७ चा सत्याग्रह लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये आला. धडा साधा आहे : पाण्याचा हक्क घोषणेने मिळत नाही, तो जागेवर जाऊन घ्यावा लागतो.

पण बाबासाहेबांचा पाण्याचा विचार पिण्याच्या पाण्यावर थांबला नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्यासोबत सिंचन आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना, महानदीचा विकास, केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोगाची स्थापना ही त्या काळातली कामं. नदीचा विचार एका जिल्ह्याच्या किंवा प्रांताच्या सोयीने न करता पूर्ण खोऱ्याचा करायचा, ही दृष्टी त्यांनी रुजवली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, १९४७ चं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'. त्यात शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन गावकऱ्यांना जात-धर्माचा भेद न करता सामूहिकपणे कसायला द्यावी, म्हणजे कुणी जमीनदार उरणार नाही, कुणी कूळ उरणार नाही आणि कुणी भूमिहीन मजूरही उरणार नाही, अशी मांडणी आहे. आणि शेतीला पाणी, बैल, अवजारं, खत, बियाणं पुरवण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. म्हणजे बाबासाहेबांच्या आराखड्यात राज्याचं पाणी जातं ते कसणाऱ्यांच्या समूहाकडे. आज राज्याचं पाणी जातं ते मालकाकडे. या दोन्हींत जे अंतर आहे, तेवढं आपल्या चळवळीचं काम बाकी आहे.

हे काम खानदेशाने पूर्वी केलेलं आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला तो खानदेश-मराठवाड्यात. १९६४-६५ मध्ये तो देशभर पसरला आणि लाखो लोक तुरुंगात गेले. त्या पिढीने "आपल्याकडे जमीन नाही" हे वाक्य मागणी म्हणून उच्चारलं होतं. आपण ते सबब म्हणून उच्चारतो.

"भूमिहीनाला पाणी घेऊन काय करायचंय?"

हा प्रश्न आम्हाला प्रत्येक बैठकीत येतो, आणि विचारणारे सगळे वाईट हेतूने विचारतात असं नाही. याचं उत्तर महाराष्ट्रानेच दिलेलं आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आठवा. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जात नाही. ऊस नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा हिस्सा. ज्याच्याकडे पाणी आहे पण जमीन नाही, तो ज्याच्याकडे जमीन आहे पण पुरेसं पाणी नाही त्याच्याशी बरोबरीने बसून वाट्याने शेती करू शकतो. कालपर्यंत जो मजुरी मागायला दारात उभा होता, तो आज भागीदार म्हणून बोलतो. पाण्याचा हिस्सा म्हणजे भूमिहीनाच्या हातातलं भांडवल, हा त्याचा अर्थ.

१९८० च्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, तिथेही भूमिहीनांसह समान पाण्याचं तत्त्व होतं. पुढे डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलासह दुष्काळी तालुक्यांच्या चळवळीने समन्यायी पाणीवाटपाची लढाई लढवली. तिच्या रेट्यामुळे टेंभू योजनेत आटपाडीला बंद पाइपने समन्यायी वाटपाचा प्रयोग पुढे आला. इथे पाइपचं दुसरं रूप दिसतं. उघड्या कालव्याचं पाणी उताराचं गुलाम असतं, कालव्याच्या वरच्या बाजूच्या माळाला ते कधीच मिळत नाही. दाबाने चालणारा पाइप ते माळावर, टेलला, वस्तीच्या शेताला नेऊ शकतो आणि मोजू शकतो. समान वाटप तांत्रिकदृष्ट्या शक्य करणारं साधन पहिल्यांदाच हाताशी आलं आहे. ते समतेसाठी वापरायचं की मालकीसाठी, हे अभियंता ठरवणार नाही. संघटित लोक ठरवतील.

"पाण्यात जात आणू नका" असंही ऐकायला मिळतं. पाण्यात जात आम्ही आणली नाही. वस्ती गावाच्या शेवटी, म्हणून नळाची लाइन वस्तीत शेवटी, म्हणून दाब सगळ्यात कमी आणि पाणी सगळ्यात उशिरा. पिण्याच्या पाण्याच्या पाइपने हे आपल्याला शिकवलेलं आहे. शेतीच्या पाइपकडून तरी वेगळी अपेक्षा का ठेवायची?

आपल्या मागण्या

१. प्रत्येक पाइपलाइन योजनेच्या आराखड्यात भूमिहीन कुटुंबांची यादी जोडावी आणि पाण्याचा काही हिस्सा त्यांच्या नावाने राखीव ठेवावा. कायद्यात 'जमीनधारक' या शब्दासोबत 'लाभक्षेत्रातलं रहिवासी कुटुंब' यावं.

२. गायरानावर शेती करणाऱ्यांच्या गटांना निर्गमद्वार द्यावं. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ सालचा आहे. ज्यांची नोंद अजून अडली आहे त्यांची नोंद आणि पाणी एकत्र द्यावं. साक्री, शिरपूर, चोपडा, यावलच्या वनपट्टेधारक भिल्ल-पावरा बांधवांनाही हेच लागू व्हावं.

३. सबळीकरण योजनेची जमीन लाभक्षेत्रात, पाइप येण्याआधी खरेदी करावी आणि भावाची मर्यादा त्यानुसार वाढवावी.

४. पाणीवापर संस्थेत भूमिहीन आणि शेतमजूर स्त्रियांना मताधिकारासह सभासदत्व द्यावं. व्हॉल्व्ह चालवण्याची, मोजणीची, दुरुस्तीची पगारी कामं सालदार आणि भूमिहीन कुटुंबातल्या तरुणांना प्रशिक्षण देऊन द्यावीत.

५. पाट बुजवण्यापूर्वी त्यावर कोण काय वापर करत होतं याची पाहणी करावी आणि गुरांसाठी, धुण्यासाठी वस्तीजवळ पाणवठे बांधून द्यावेत.

६. वाचलेल्या पाण्याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत वाचावा.

या मागण्या फेसबुकवर टाकून भागणार नाही. आपल्या तालुक्यात पाइपची कुठली योजना आहे ते आधी शोधा. माहिती अधिकारात तीन कागद मागा : लाभक्षेत्राचा नकाशा, चकनिहाय गट नंबरांची यादी, पाणीवापर संस्थेच्या सभासदांची यादी. तलाठ्याकडून गायरानाचे गट घ्या. दोन्ही नकाशे शेजारी ठेवा. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना, बायकांना सोबत बसवा. कोणती जमीन कोण कसतं ते त्यांना कुठल्याही कार्यालयापेक्षा जास्त माहीत असतं. मग ग्रामसभेत लेखी ठराव मांडा. आम्हाला एका कार्यालयात ऐकवलं गेलं की हे तांत्रिक काम आहे, सामाजिक कार्यकर्त्यांचा यात काय संबंध? तुम्हालाही ऐकवतील. तेव्हा शांतपणे सांगा, व्यास तुम्ही काढा, हिस्सा आम्ही सांगतो.

आणि हे एकट्याने करू नका. भिलाटीला सोबत घ्या, टेलच्या कुणबी-माळी-धनगर छोट्या शेतकऱ्याला सोबत घ्या. एक एकरवाला मराठा शेतकरीही या वाटपात वीस एकरवाल्याच्या बाजूला नाही. त्याला ते हिशेब मांडून दाखवा. बहुजन एकी भाषणात होत नाही, चारीवर होते.

३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब धुळ्यात आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी त्या दिवशी आपली भीमस्मृती यात्रा भरते, खानदेशभरातून माणसं येतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात, गाणी होतात. येत्या ३१ जुलैला तिथे येताना प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी आपल्या लाभक्षेत्राचा नकाशा सोबत आणावा. त्यावर आपली वस्ती कुठे आहे, गायरान कुठे आहे आणि पाइप कुठून जातो, हे तीन रंगांत दाखवावं. तिथेच बसून खानदेशची एक मागणीपत्रिका करू.

खंदक अजून सगळीकडे खोदून झालेले नाहीत. तोवर वेळ आहे.

जय जोती! जय भीम!